मुक्त अवजार आणि व्यवसायाची कसोटी

२०२५ च्या मार्च महिन्यात, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने, संगणकावर चित्रे घडविणाऱ्यांच्या जगात दोन घटना घडल्या. लॅटव्हियासारख्या चिमुकल्या देशातील गिंट्स झिल्बालोदिस या तरुण दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा चित्रपट ‘ब्लेंडर’ या कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तयार झाला होता. त्याच महिन्याच्या मध्यास ‘गिम्प’ या तितक्याच विनामूल्य असलेल्या प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरची तिसरी मुख्य आवृत्ती प्रसिद्ध झाली. पहिल्या घटनेची वार्ता जगभर झाली. दुसरीची दखल जाणकारांच्या वर्तुळापलीकडे फारशी कोणी घेतली नाही. ते स्वाभाविकही होते. कारण गिम्पच्या या आवृत्तीत जी सोय प्रथमच आली म्हणून तिचे कौतुक झाले, ती म्हणजे मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर केलेले संस्कार मागाहून बदलता येण्याची. रंग आणि उजेड यांच्यापुरती ही सोय ‘फोटोशॉप’ या त्याच्या धनाढ्य प्रतिस्पर्ध्याने १९९६ सालीच देऊ केली होती. मधे २९ वर्षे गेली.

ब्लेंडर आणि गिम्प ही एकाच विचारकुळातील अपत्ये. दोन्ही नव्वदीच्या दशकात जन्मलेली, दोन्ही कोणालाही वापरता, तपासता आणि बदलता येणारी. मग एकाने चित्रपटसृष्टीच्या सर्वोच्च व्यासपीठापर्यंत मजल मारावी आणि दुसऱ्याने तीन दशकांनंतरही ‘व्यावसायिक कामाला हे चालेल काय?’ या प्रश्नाला तोंड देत राहावे, असे का व्हावे? मुक्त सॉफ्टवेअरचे गुणदोष सांगताना त्याचे भक्त आणि त्याचे निंदक असे दोघेही या प्रश्नाला बगल देतात. भक्तांच्या मते त्यात काहीच उणे नाही. निंदकांच्या मते फुकटची वस्तू फुकटच्याच लायकीची असते. वस्तुस्थिती या दोन्ही टोकांपासून दूर आहे.

जमेची बाजू

गिम्पचा प्रारंभ १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केला. या सॉफ्टवेअरच्या खिडक्या, बटणे आणि याद्या पडद्यावर उमटविण्यासाठी त्यांनी जी साधनसामग्री तयार केली, तीच पुढे लिनक्सवरील ‘नोम’ या कार्यपटलाचा पाया ठरली. म्हणजे ज्याला हौशी विद्यार्थ्यांचा खटाटोप म्हणून हिणवले जाते, त्याच्या उपफळावर एक सबंध संगणकविश्व उभे राहिले.

आजच्या गिम्पमध्ये छायाचित्राची छाटणी, रंगदुरुस्ती, डागडुजी, लेअर, मुखवटे, निवड करण्याच्या नाना पद्धती हे सारे आहे. २०१८ च्या आवृत्तीपासून रंगांची अचूकताही व्यावसायिक पातळीची झाली आहे. पडद्यावर पाहण्यासाठी जे काम होते, म्हणजे वृत्तसंकेतस्थळाची छायाचित्रे, विक्रीच्या मालाची चित्रे, समाजमाध्यमांवरील जाहिराती, शैक्षणिक साहित्य, त्यांपैकी बहुतेक काम गिम्पवर निर्वेध होऊ शकते. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही ते चालते. एकच संस्कार शेकडो छायाचित्रांवर करावयाचा असेल तर त्यासाठी लहानशी आज्ञावली लिहून यंत्राकडून ते काम करवून घेता येते. शिवाय गिम्प एकटे नाही. रेखाकृती आणि बोधचिन्हांसाठी ‘इंकस्केप’, चित्रकलेसाठी ‘क्रिटा’, पानांच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’, कॅमेऱ्यातील कच्च्या छायाचित्रांसाठी ‘डार्कटेबल’ असा त्याचा गोतावळा आहे. फ्रान्सचा चित्रकार डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा क्रिटावर रंगवीत आला आहे, आणि २०१६ साली ग्लेना या तेथील नामांकित प्रकाशनसंस्थेने ती पुस्तकरूपाने छापली. मुक्त साधनांवर पोटापाण्याचे आणि प्रतिष्ठेचे काम होऊ शकत नाही, हे म्हणणे आता टिकणारे नाही.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे. देवनागरीत अक्षरे एकामागून एक नुसती मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे बसते. जोडाक्षरांचे आकार बदलतात. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही सारी व्यवस्था सांभाळणारे ‘हार्फबझ’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर गिम्प आणि इंकस्केप वापरतात, त्यामुळे त्यांत युनिकोड मराठी नीट उमटते. फोटोशॉपमध्ये मात्र दक्षिण आशियाई लिप्यांची निवड स्वतंत्रपणे केली नाही तर वेलांट्या भरकटत आणि जोडाक्षरे फुटत, हा मराठी ऑपरेटरांचा दीर्घकाळचा अनुभव होता. पुढे अ‍ॅडोबीनेही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हार्फबझचाच आधार घेतला. फुकट म्हणून ज्याला नाके मुरडली जातात, त्याचाच टेकू महागड्या मालालाही लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उणे कोठे पडते?

तथापि व्यवसायाची कसोटी ‘बहुतेक कामा’वर लागत नाही, ती उरलेल्या थोड्या कामावर लागते. छापखान्याच्या दारात ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे दिसते.

संगणकाचा पडदा तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून सारे रंग दाखवितो. ऑफसेट यंत्र मात्र निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून तेच रंग कागदावर उभे करते. पडद्यावरचे चित्र या चार शायांत उतरविणे हे निव्वळ भाषांतर नव्हे. त्यात निर्णय घ्यावे लागतात. काळी छटा किती काळ्या शाईने द्यावी आणि किती बाकीच्या तिघींच्या मिश्रणाने? कागद एकंदर किती शाई पेलेल? प्रत्येक शाईचे प्रमाण १०० धरले तर चार शाया मिळून ४०० होतात. पण वृत्तपत्राचा कागद साधारण २४० पलीकडे गेला की शाई वाळत नाही, ती पाठीमागे उमटते, शेजारच्या पानाला लागते. पडद्यावर केवळ काळ्या असलेल्या बारीक अक्षरांचे रूपांतर बेफिकिरीने झाले तर ती अक्षरे चारही शायांत विभागली जातात, आणि चार प्लेटांपैकी एक केसभर जरी सरकली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत कडा येते. लग्नपत्रिका असो की दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, ही चूक पडद्यावर दिसत नाही. ती हजारो प्रती छापून झाल्यावर दिसते, आणि तिचा भुर्दंड ज्याने फाइल पाठविली त्याच्या खिशाला बसतो.

फोटोशॉपमध्ये चार शायांच्या रूपातच चित्रावर काम करता येते. एकट्या काळ्या शाईचा थर उघडून त्यात दुरुस्ती करता येते. ही सोय तेथे १९९१ पासून आहे. गिम्पमध्ये आजही चित्र मुळात तीन प्रकाशांचेच असते. छपाईत ते कसे दिसेल याचा अंदाज पाहता येतो आणि अखेरीस चार शायांच्या रूपात ते बाहेर काढता येते, ही नव्या आवृत्तीतील प्रगती खरी. परंतु त्या रूपात प्रत्यक्ष काम करता येत नाही. क्रिटात ते येते, स्क्रायबसमध्येही चार शायांचा विचार मुळापासून केलेला आहे. म्हणून चतुर कारागीर तिन्हींची सांगड घालून निभावून नेतो. पण रात्री अकरा वाजता प्लेटा लागावयाच्या असताना अशी सांगड घालण्याइतकी उसंत कोणाला असते?

दुसरी अडचण देवाणघेवाणीची. जाहिरात संस्था, छायाचित्रकार, प्रकाशक आणि मुद्रक यांच्यामधून जी फाइल हिंडते ती बहुधा फोटोशॉपच्या रूपातील असते. गिम्प ती उघडते. परंतु तिच्यातील काही लेअर, काही परिणाम आणि अक्षरांची मांडणी जशीच्या तशी येईलच याची हमी देता येत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला याची झळ कमी लागते. साखळीतील मधल्या कडीला मात्र ती रोज लागते. तिसरी अडचण वेगाची. फोटोशॉपने २०२३ पासून शब्दांत सांगितलेली वस्तू चित्रात भरून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची जी साधने आणली, त्यांच्या जोडीला बसेल असे काही गिम्पच्या मूळ संचात नाही. ही साधने कंपनीच्या दूरस्थ यंत्रांवर चालतात; तो खर्च स्वयंसेवकांच्या मंडळाला परवडणारा नाही.

या उणिवांचे मूळ बुद्धीच्या अभावात नाही. १९९८ च्या सुमारास हॉलिवूडमधील ‘रिदम अँड ह्यूज’ या चित्रपरिणाम करणाऱ्या कंपनीला गिम्प हवे होते. पण गिम्पमध्ये तेव्हा प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या होत्या. चित्रपटाच्या विशाल पडद्यावर तेवढ्या पायऱ्या अपुऱ्या पडतात. संध्याकाळच्या आकाशात रंग एकजीव न होता पट्टे दिसू लागतात. कंपनीच्या पाठबळावर ६५,५३६ पायऱ्यांची ‘फिल्म गिम्प’ ही वेगळी शाखा तयार झाली आणि हॉलिवूडच्या कामात ती वापरलीही गेली. परंतु ती मुख्य प्रवाहात कधीच विलीन झाली नाही. त्याऐवजी सारा गाभाच नव्याने बांधण्याचा अधिक देखणा आराखडा २००० साली आखण्यात आला, आणि तो पुरता अमलात यावयास २०१८ साल उजाडले. व्यावसायिक स्वतः पैसा आणि माणसे घेऊन दारात उभा होता. त्याला घरात घेण्याची यंत्रणाच नव्हती. आराखडा उत्तम होता, हात थोडे होते. गिम्पच्या बहुतेक दुखण्यांचे निदान या एका प्रसंगात सापडते.

नावाचीच गोष्ट घ्या. ‘गिम्प’ हा शब्द इंग्रजीत अपंगांना हिणविणारा आहे. त्यामुळे शाळा आणि कार्यालये ते नाव घेण्यास कचरतात. या तक्रारीतून २०१९ मध्ये ‘ग्लिम्प्स’ नावाची नवी शाखा निघाली, पण २०२१ मध्ये ती थांबली. असंतोष मुबलक आणि राबणारे मोजके, असाच याही वेळी प्रकार झाला.

भाड्याच्या घराची किंमत

मग व्यावसायिकाने फोटोशॉपचा हप्ता निमूटपणे भरावा, हेच शहाणपण नव्हे काय? आज अनेकांसाठी त्याचे उत्तर ‘होय’ असेच आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. एका चुकलेल्या छपाईचा तोटा कित्येक महिन्यांच्या हप्त्यांहून मोठा असू शकतो. पण हा व्यवहार करताना आपण नेमके काय विकत घेतो, याचे भान असावे. २०१३ च्या मे महिन्यात अ‍ॅडोबीने आपले सॉफ्टवेअर यापुढे कायमचे विकत मिळणार नाही, ते केवळ भाड्याने मिळेल असे जाहीर केले. तेव्हापासून हप्ता थांबला की अवजार थांबते, आणि त्या अवजाराने घडविलेल्या जुन्या कामाकडे जाण्याची वाटही अडते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी व्हेनेझुएलावर निर्बंध घातले, तेव्हा अ‍ॅडोबीने त्या देशातील ग्राहकांची खाती बंद करण्याची घोषणा केली. पुढे अमेरिकन सरकारकडून परवाना मिळाला आणि संकट टळले. पण परक्या राजधानीतील एका सहीने एका देशातील चित्रकार आणि मुद्रक यांची उपजीविका टांगणीला लागू शकते, हे त्या काही आठवड्यांत दिसले. २०२२ साली पँटोन या रंगसूची बनविणाऱ्या कंपनीशी असलेला जुना करार संपल्यावर कलावंतांच्या जुन्या फाइलींतील ते रंग काळे दिसू लागले. ते पुन्हा पाहण्यासाठी वेगळे शुल्क मागण्यात आले. ज्याने चित्र रंगविले त्याला स्वतःच्या चित्रातील रंगासाठी भाडे भरण्याची पाळी यावी, यापरता मोठा विनोद कोणता?

आपल्याकडे या पेचातून तिसरी वाट काढली जाते: चोरीच्या प्रतीची. डीटीपी आणि फ्लेक्सच्या धंद्यात या वाटेने जाणारे थोडे नाहीत, आणि याला चोरी म्हणण्याची पद्धतही नाही. वस्तुतः १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेल्या कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याहून मोठी हानी वेगळीच आहे. चोरीची प्रत फुकट मिळते तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गुण ग्राहकाच्या दृष्टीने नाहीसाच होतो. ज्या लहान कारागिराला गिम्पची सर्वाधिक गरज, तोच त्याच्याकडे पाठ फिरवितो. आणि त्याच्या अडचणी, त्याच्या मागण्या गिम्प घडविणाऱ्यांच्या कानापर्यंत कधी पोहोचत नाहीत. अशा रीतीने चोरीची प्रत मूळ कंपनीपेक्षा मुक्त पर्यायाचेच अधिक नुकसान करते.

फुकट आणि मुक्त या दोन शब्दांतील भेदही येथे ध्यानात घ्यावयास हवा. ‘अ‍ॅफिनिटी’ हे फोटोशॉपशी स्पर्धा करणारे सॉफ्टवेअर २०२४ साली कॅनव्हा या कंपनीने विकत घेतले आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विनामूल्य करून टाकले. ग्राहकाचा फायदा झाला, यात शंका नाही. परंतु जे मालकाच्या मर्जीने फुकट झाले ते मालकाच्या मर्जीने पुन्हा महाग होऊ शकते. मुक्त सॉफ्टवेअरचे तसे नसते. त्याचा अंतर्भाग सर्वांसमोर उघडा असल्यामुळे एका मंडळाने हात झटकले तरी दुसरे मंडळ ते पुढे नेऊ शकते. फुकटपणा ही सवलत आहे. मुक्तता हा हक्क आहे.

ब्लेंडरने काय केले?

पण हक्काने काम होत नाही. काम करावे लागते. ब्लेंडर आणि गिम्प यांच्यातील अंतराचे रहस्य येथे आहे. ब्लेंडरची मूळ कंपनी २००२ साली बुडाली, तेव्हा त्याचे जनक टोन रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी सौदा केला: १ लाख युरो द्या आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले करा. वापरणाऱ्यांच्या वर्गणीतून ही रक्कम सात आठवड्यांत जमली. त्यानंतर अ‍ॅमस्टरडॅमला संस्था उभी राहिली, आणि त्या संस्थेने केवळ सॉफ्टवेअर लिहिले नाही, तर स्वतःच चित्रपट काढले. २००६ चा ‘एलिफंट्स ड्रीम’, २००८ चा ‘बिग बक बनी’ ही त्याची प्रारंभीची फळे. चित्रकार आणि आज्ञावलीकार एकाच छपराखाली बसले. चित्रकाराचे अडले की ते दुरुस्त करणारा शेजारच्या मेजावर होता. ब्लेंडरची हाताळणीही एके काळी किचकट म्हणून कुप्रसिद्ध होती. तीही या सहवासातून सुधारत गेली. पुढे मोठ्या कंपन्यांनी स्वार्थ ओळखून पैसा दिला. २०१९ साली एपिक गेम्सने १२ लाख डॉलरचे अनुदान दिले. ‘फ्लो’चे पारितोषिक हे चमत्काराचे नव्हे, अशा दोन दशकांच्या संसाराचे फळ आहे.

गिम्पला असे घर मिळाले नाही. देणग्यांवर आणि मोजक्या स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर ते चालत आले. तेव्हा २९ वर्षे का लागली असे विचारण्यापेक्षा, एवढ्या तुटपुंज्या बळावर ते तगले कसे, हाच प्रश्न अधिक रास्त ठरेल.

महाराष्ट्राने काय करावे?

पहिली गोष्ट कामाची वर्गवारी. ज्या कार्यालयात दिवसाचे बहुतेक काम पडद्यासाठीच होते, तेथे प्रत्येक मेजावर भाड्याचे सॉफ्टवेअर असण्याचे कारण नाही. दहा मेजांपैकी दोन मेजांवर, म्हणजे जेथून फाइल छापखान्याकडे जाते तेथे, ते ठेवावे. बाकीच्यांवर मुक्त साधने चालतील. भक्तीचा किंवा तिटकाऱ्याचा प्रश्न न करता हिशेबाचा प्रश्न केला, तर बऱ्याच संस्थांना हे परवडेल.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. केरळने शालेय संगणकशिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार केला आणि गिम्प, इंकस्केप तेथील मुलांच्या हाती दिले. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमातून अशाच साधनांचे धडे भारतीय भाषांत, मराठीतही, उपलब्ध केले आहेत. आमच्या कलाशाळांनी आणि डीटीपीच्या वर्गांनी मात्र एका कंपनीच्या मालाची बटणे शिकविणे म्हणजेच कला शिकविणे, असे धरून चालण्याची सवय सोडली पाहिजे. रंगांचे पृथक्करण, शाईची मर्यादा, अक्षररचना हे ज्याला उमगले तो कोणत्याही अवजारावर काम करील. ज्याला केवळ बटणे ठाऊक आहेत तो अवजाराबरोबरच निरुपयोगी होईल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटा उचलण्याची. या बाबतीत मराठी भूमी अगदीच रिक्तहस्त नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देखणे देवनागरी टंक कोणालाही वापरता येतील अशा परवान्याखाली दिले आहेत, आणि आज पाट्यांपासून पुस्तकांपर्यंत त्यांचा वापर होतो. तोच न्याय प्रतिमा-संपादनालाही लावता येईल. वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, मुद्रकांच्या संघटना आणि राज्य शासन यांनी सॉफ्टवेअरच्या भाड्यापोटी होणाऱ्या खर्चाचा लहानसा अंश बाजूला काढून दोन-चार कुशल आज्ञावलीकारांना चार शायांच्या कामावर आणि देवनागरीच्या अडचणींवर बसविले, तर ते काम एका छापखान्याचे न राहता जगातील साऱ्या छापखान्यांचे होईल. ‘आम्ही पैसे द्यायचे आणि लाभ सर्वांनी घ्यायचा काय?’ असा आक्षेप यावर येईल. त्याला उत्तर एवढेच की, आजवर दुसऱ्यांनी केलेल्या श्रमांचा लाभ आम्ही एक पैसाही न देता घेतच आलो आहोत.

गावच्या विहिरीचे पाणी फुकट असते; पण तिचा गाळ कोणीतरी काढावा लागतो. गाळ काढणारे हात नसले की विहीर आटते, आणि मग टँकरवाला सांगेल त्या भावाने पाणी घ्यावे लागते. मुक्त सॉफ्टवेअर व्यावसायिक कामाला पुरेसे आहे काय, याचे उत्तर म्हणूनच केवळ सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही. त्यावर पोट भरणारा व्यावसायिक त्याला पुरेसा आहे काय, हे आधी ठरवावे लागेल.